आधी डाव, मग नियम

परवा एका मित्राचा मेसेज आला, "भिया, शनिवारी घरी बोर्ड गेमची बैठक जमवतोय. चार-पाच जण आहेत, कोणालाच काही येत नाही. कोणता गेम घेऊ?" त्याला फोनवर जे बडबडलो, तेच इथे लिहून टाकतो. कारण हा प्रश्न मला वर्षात चौथ्यांदा आलाय.

गेमचं नाव नंतर. आधी माझी फजिती ऐका.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या इंदुरातल्या रामबागेतल्या घरी वरच्या हॉलमध्ये मी पाच जणांना बोलावलं. दादा-वहिनी, खालच्या मजल्यावरच्या काकू आणि ऑफिसातले दोघे. टेबलावर कटान नावाचा बोर्ड गेम मांडलेला. मूळ डबा तीन-चार जणांचा, सहांसाठी वेगळा डबा जोडावा लागतो, तोही हौसेनं आणलेला. मग मी नियम सांगायला घेतले. लाकूड, विटा, मेंढ्या, गहू, खनिज. सात पडला की चोर. बंदराचे दर. सगळ्यात लांब रस्त्याचे गुण. पाऊण तास बोलत होतो. वहिनी कीर्तनात डोलवावी तशी मान डोलवत होती. मी दम खायला थांबलो तेव्हा काकूंनी शांतपणे विचारलं, "ते सगळं ठीक रे, पण करायचं काय?"

त्यानंतर जे झालं ते आणखी वाईट. दादानं पहिली दोन्ही घरं 2 आणि 12 च्या आकड्यांना खेटून बसवली. फाशांवर जो आकडा पडेल त्याला खेटलेल्या घरांनाच माल मिळतो, आणि दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 2 एकदाच पडतो, 12 ही एकदाच. 6 आणि 8 मात्र पाच-पाच वेळा. हे त्याला मी सांगितलंच नव्हतं. बंदराचे दर सांगण्यात गुंतलो होतो ना! कटानमध्ये सुरुवातीची दोन घरं चुकली की माणूस तासभर दुसऱ्यांच्या मेंढ्या मोजत बसतो. दादा तसाच बसला. जिंकलो मी. आणि मला आनंदही झाला, हे लिहिताना आता लाज वाटते. पुढच्या शनिवारी कोणी आलं नाही. दादा म्हणाला, सराफ्यात खायला जायचंय.

कटानचा यात दोष नाही. 1995 साली जर्मनीत आला आणि त्याच वर्षी तिथला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान त्यानं मिळवला. दोष माझा होता. मी खेळायला नाही, माझा छंद दाखवायला माणसं बोलावली होती.

शिवाय ज्यांना आपण 'नवखे' म्हणतो, त्या काकू साठ वर्षं पत्ते खेळताहेत. घरात आम्ही ज्याला मेंढीकोट म्हणतो आणि गल्लीत ज्याला दहला पकड म्हणतात, त्यात चारही दस्स्या कोणाकडे असतील हे त्या नुसत्या चेहऱ्यांवरून ओळखतात. भिडू, हुकूम, हातचं राखणं, सगळं त्यांना येतं. येत नाही ते इंग्रजी नियमपुस्तक वाचणं. तेवढं काम यजमानानं आदल्या दिवशी करून ठेवावं आणि पाहुण्यांसमोर त्यातलं फारसं बोलू नये.

दुसऱ्या खेपेला तिकीट टू राइड हा रेल्वेचा गेम घेतला. ॲलन मून यांनी रचलेला, 2004 चा. दोन ते पाच जण, तासाभरात आटपतो. सांगितलं एवढंच, "आपल्या पाळीला तीनपैकी एक काम करायचं. पत्ते उचला, नाहीतर रूळ टाका, नाहीतर नवं तिकीट घ्या." पहिली फेरी सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून खेळलो. लांब रुळाला जास्त गुण, हे वहिनीनं पहिला रूळ टाकला तेव्हा सांगितलं. मी स्वतः खेळलोच नाही. चहा केला आणि अडलं तिथे बोललो.

पण खरी बैठक रंगली ती कोडनेम्सवर. टेबलावर 25 शब्द, दोन संघ. एका संघाचे 9, दुसऱ्याचे 8, बाकी सात कोणाचेच नाहीत आणि एक असा की त्याला हात लावला की डावच हरला. कोणते कोणाचे हे फक्त दोघा कप्तानांना दिसतं. कप्तानानं एक शब्द आणि एक आकडा सांगायचा, भिडूंनी त्यावरून शब्द ओळखायचे. डब्यातल्या इंग्रजी शब्दांवर काकू गप्पच राहिल्या असत्या. म्हणून मी जुन्या लग्नपत्रिका कापून मराठी चिठ्ठ्या केल्या. मुद्दाम दोन-दोन अर्थांचे शब्द घेतले. नाव, मान, कर, माळ, पान, पाट, डाव.

काकू कप्तान झाल्या. थोडा वेळ चिठ्ठ्यांकडे बघून म्हणाल्या, "पंगत, तीन." पान लगेच गेलं. पाटही गेला. तिसऱ्यावर ऑफिसातला मित्र अडला. वहिनीनं 'डाव'वर बोट ठेवलं तर हा म्हणतो, "डाव म्हणजे गेम ना? पंगतीत कुठून आला?" "अरे, भात वाढायचा डाव!" इंदुरात जन्मलेला मराठी मुलगा, घरी सगळं चमचा नाहीतर कलछी. काकूंनी त्याला असं काही बघितलं की बिचाऱ्यानं पुढच्या खेपेला स्टीलचा डाव विकत घेऊन आणला, भेट म्हणून.

बाकीचं थोडक्यात. यजमानासकट पाचांवर जाऊ नका. पॅन्डेमिकसारखे, सगळ्यांनी मिळून रोगांशी लढायचे गेम नवख्यांना सोपे वाटतात असं म्हणतात, मला पटत नाही. तिथे ज्याला येतं तोच चौघांच्या पाळ्या खेळून टाकतो. मी टाकल्यात. आणि एक गेम संपल्यावर "अजून एक" म्हणत असतील तर आणखी एकच खेळा.

खाण्याचं मात्र नीट ऐका. पत्त्यांच्या टेबलावर गराडू, म्हणजे आमच्याकडचा तळलेला कंद, आणू नका. थंडीत कितीही मोह झाला तरी. तेल परवडलं, पण वर भुरभुरलेला जीरावन मसाला बोटाला चिकटतो ते जात नाही. आमच्या तिकीट टू राइडच्या गठ्ठ्यात 110 पत्ते आहेत, त्यातले 14 इंजिनाचे, कोणत्याही रंगाला चालणारे. त्यातल्या एकाच्या पाठीवर जीरावनाचा पिवळा अंगठा उमटलाय. उघडं मांडलेलं इंजिन उचललं तर त्या पाळीला दुसरा पत्ता मिळत नाही. गठ्ठ्यातून आंधळं आलं तर मिळतो. तो अंगठा गठ्ठ्यात सगळ्यात वर आला की आता सगळे गप्प होतात. काकू आपली पाळी आल्यावर चष्मा काढून पदरानं पुसतात, म्हणतात, "मला काही दिसत नाही बाई," आणि गठ्ठ्यातून उचलतात.