‘सूर्यघर’चं सोलर फुकट? आधी हिशेब बघा

घराच्या छतावर सोलर बसवण्यासाठी केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना आहे. तिच्याबद्दल व्हॉट्सॲपवर एक संदेश जोरात फिरतोय: ‘पीएम सूर्यघरमध्ये सोलर फुकट, हप्ता बिलाच्या बचतीतूनच फिटतो, बिल कायमचं शून्य आणि लाईट गेली तरी घरात उजेड.’ यावर विसंबून लोक कर्जाच्या कागदांवर सह्या करतायत, म्हणून हे सविस्तर.

‘फुकट.’ योजनेच्या नावात ‘मुफ्त बिजली’ आहे, ‘मुफ्त यंत्रणा’ नाही. केंद्राचं अनुदान पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. तेही यंत्रणा बसून, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं) लागून, तपासणी झाल्यावर. तोवर विक्रेत्याचे पैसे तुम्हीच द्यायचे. पॅनेल देशात बनलेल्या सौर सेलचं नसेल किंवा विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला नसेल, तर अनुदान मिळत नाही. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर अर्जाआधी नाव बदलून घ्या.

‘हप्ता बचतीतून.’ खरी गोम इथे आहे. ३ किलोवॉटचा खर्च १,९०,००० धरू. १० टक्के स्वतःचे भरून १,७१,००० कर्ज, व्याज ७ टक्के, मुदत १० वर्षं: हप्ता साधारण १,९८५. अनुदान कर्जखात्यात भरलं, तर उरलेल्या ९३,००० वर तो १,०८० च्या आसपास येतो. पण अनुदान बचत खात्यात येऊन घरखर्चात गेलं, की हप्ता आहे तोच. शिवाय कर्जाचा काही भाग आधी फेडला तर बँका बरेचदा मुदत कमी करतात, हप्ता नाही. हप्ता कमी हवा असेल तर लेखी अर्ज द्या.

आता बचत. १ किलोवॉट महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतं. महिना ३०० युनिट वापरणाऱ्या घराला ३ किलोवॉट परवडतं, कारण वरच्या टप्प्यातली महाग युनिटं वाचतात. ८० युनिटवाल्या घराची वाचतात ती सर्वांत स्वस्त टप्प्यातली. तिथे ३ किलोवॉटचा हप्ता खिशातूनच जातो. अशांनी १ किलोवॉटच घ्यावं. जादा युनिटं वर्षअखेरीस वीज कंपनी घेते, पण फार कमी दराने.

‘बिल शून्य.’ स्थिर आकार राहतोच.

‘लाईट गेली तरी उजेड.’ नाही. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारेला जोडलेला, इन्व्हर्टर पुरवठा जाताच बंद पडतो, नाहीतर तुमच्या छतावरची वीज तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनचा जीव घेईल. उजेड हवा तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तिच्यासाठी या योजनेत वेगळं अनुदान नाही, म्हणून तिचा खर्च कर्ज ठरवतानाच धरा.