पॅनल चीनचं आणि तेल आखाताचं: दोन्ही परावलंबनं सारखी नाहीत

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर सतत फिरतो: “सोलरने तेल वाचत नाही. पॅनल चीनचे, म्हणजे आखाताऐवजी चीनपुढे हात पसरायचे. शिवाय लाईट गेली की सोलरही बंद.” यात खऱ्याचा अंश आहे, म्हणून तो लगेच पटतो.

आखात काय, चीन काय, एकच?
नाही. तेल जळून संपतं, ते रोज यावं लागतं. २०२४ मध्ये आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून दिवसाला सुमारे २ कोटी पिंपं तेल गेलं. ती वाट अडली तर आपले विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूरचे राखीव साठे, पूर्ण भरलेले असले तरी, देशाची साधारण साडेनऊ दिवसांचीच गरज भागवू शकतात. त्यापुढे तेल कंपन्यांकडे असेल आणि दुसऱ्या वाटांनी येईल तेवढंच. चीनने माल थांबवला तर नवे प्रकल्प रखडतील, पण घोडबंदरच्या गच्चीवर बसलेलं पॅनल पंचवीस वर्षं वीज देत राहील. मधे इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) एकदा बदलावा लागेल, इतकंच. वेफरसाठी (सिलिकॉनची पातळ चकती, जिच्यापासून पॅनलमधले सेल बनतात) मात्र आपण अजून चीनवरच अवलंबून आहोत. ही काळजी रास्त आहे, आणि सोसायटीला मिळणाऱ्या सरकारी अनुदानात देशी सेलची अट आहे ती त्यामुळेच.

सोलरने तेल वाचत नाही?
नुसतं पॅनल लावून खरंच वाचत नाही. आपल्याकडे तेलापासून वीज जवळपास बनतच नाही. सोलर कोळसा वाचवतं. तेल आणि गॅस वाचतो तो वाहन आणि शेगडी विजेवर नेल्यावर. देशातला निम्म्याहून जास्त एलपीजी आयात होतो, तोही बहुतेक होर्मुझमार्गे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट उष्णता असते, पण बर्नरवर भांड्यापर्यंत शंभरेक पोचते. तेवढ्या स्वयंपाकाला इंडक्शनवर सुमारे १२० युनिट लागतात. एक किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं. म्हणजे महिन्याला एक सिलिंडर! पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त.

जुन्या फ्लॅटमध्ये शेगडीसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढा. ६ अँपिअरच्या सॉकेटवर २००० वॅट चालवलं तर सॉकेट वितळू शकतं.

लाईट गेली की बंद?
बरोबर, आणि ते मुद्दाम. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. लिफ्ट आणि पंप चालू हवे असतील तर हायब्रिड (लाईट गेल्यावर बॅटरीवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या, फक्त त्या दोघांपुरती.

टॉवरवाल्यांनी अपेक्षा बेताची ठेवावी. ४००० चौरस फुटांच्या गच्चीतून टाक्या, लिफ्टची खोली आणि वाट सोडून निम्मी जागा उरते. तिथे २० किलोवॅट बसतं, दिवसाला ८० युनिट. ते कॉमन मीटरलाच जोडा. टाकीची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या अख्ख्या रांगेची वीज घटू शकते. खाडीच्या खाऱ्या हवेत नुसता रंगवलेला सांगाडा गंजतो, त्यामुळे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) मागा. आणि वॉटरप्रूफिंग आधी उरका. नंतर ते करायचं तर सगळी पॅनलं उतरवावी लागतात.