आवाज कुणाचा?

पोराला पंधराव्या वर्षी आवाज फुटतो. माझ्या बुलेटचा पहिल्याच वर्षी फुटला होता, कारण २००९ साली नवीकोरी गाडी दारात आली त्याच महिन्यात मी कंपनीचा सायलेन्सर उतरवून इंदोरी बसवला. इंदोरी म्हटल्यावर पोहे आठवले असतील, पण हा मऊ प्रकार नव्हे. मी कोपऱ्यावर वळलो की समोरच्या काकू कुकर लावायच्या. पोलिस असले सायलेन्सर रस्त्यावर रांगेनं मांडून वरून रोड रोलर फिरवतात. ते व्हिडिओ बायको मला मुद्दाम जेवताना दाखवते.

२०२४ साली गाडीची पंधरा वर्षं भरली. पुढच्या पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी करायची. फॉर्म २५ भरला, पीयूसी काढली, तेवढ्यात भाचा म्हणाला, “मामा, गाडी साहेबांपुढं उभी करावी लागते. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे.”

आम्ही मोबाइलवर मोजायला बसलो. नियमाप्रमाणं साडेसात मीटरवरून मोजतात. आमची गल्ली सहा मीटरची, म्हणजे साडेसात मीटरवर थेट काकूंचं देवघर लागतं. भाचा तिथं देवांच्या रांगेत मोबाइल धरून बसला. आकडा आला ९८.

“अठराच तर कमी करायचेत,” मी म्हणालो.

“दर तीन डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते, मामा. अठरा म्हणजे चौसष्ट पट.”

इंजिनिअरिंगला घातलेल्या पोराचा असा उपयोग होतो.

मूळचा सायलेन्सर शोधला, तर तो एका दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेलेला. त्यावर आलेला लसूणही आम्ही कधीच खाऊन बसलो होतो. मग उद्यमनगरातला मेस्त्री गाठला. त्यानं नव्याची किंमत सांगितली, माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, “ऱ्हाऊ दे. कोंबूया. घरातनं भांडी घासायच्या तारेच्या घासण्या आणा चार.”

सायलेन्सरच्या टोकाचा बोल्ट गंजून एकजीव झालेला. तो सुटायला अर्धा तास आणि मेस्त्रीच्या ठेवणीतल्या सहा शिव्या लागल्या. आत भोकाभोकांची एक नळी निघाली. तिच्याभोवती आवाज शोषणारी काचेची लोकर असायला हवी, ती जळून उडून गेलेली. उरली होती बोटभर काजळी. मेस्त्रीनं तीन घासण्या उलगडून नळीला गुंडाळल्या, वरून बारीक तारेनं करकचून बांधल्या, अगदी भरल्या कारल्याला दोरा बांधतात तशा. चौथी नळीच्या आतच कोंबली. किक मारली. बुलेट सर्दी झालेल्या कीर्तनकारासारखी बोलली.

पण ताकद गेली. धूर बाहेर पडायलाच वाट नाही म्हटल्यावर इंजिन तरी काय करणार! पंचगंगेच्या घाटावरून वर येताना दुधाच्या किटल्या लावलेली एक सायकल मला मागं टाकून गेली. दूधवाल्यानं वळून बघितलं. त्याच्या नजरेत दया होती, ती मला अजून झोंबते. घरी तर चारही घासण्या गेल्यामुळं बायको दोन दिवस बोलत नव्हती. एकंदरीत सगळीकडंच शांतता होती.

तपासणीच्या दिवशी रांगेत माझ्याएवढी गरीब गाडी दुसरी नव्हती. साहेबांनी चासी नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा ताडून पाहिला. दिवा, इंडिकेटर, ब्रेक बघितले. मग म्हणाले, “रेस करा.”

मी गणपतीचं नाव घेतलं आणि मूठ पिळली. गाडी नुसती गुरगुरली. साहेबांनी मान डोलावली. चार घासण्या सार्थकी लागल्या.

“हॉर्न वाजवा.”

मी बटण दाबलं. टिक. पुन्हा दाबलं. टिक.

हॉर्न कधी मेला, देव जाणे. पंधरा वर्षांत त्या बटणाला माझा अंगठा लागल्याचं मला आठवत नव्हतं. मी येतोय हे कुणाला वेगळं सांगायची पाळीच कधी आली नव्हती.

साहेबांनी कागदावर फुली मारली.

“मंगळवारी परत या,” ते म्हणाले, “आणि आवाज आला पाहिजे.”