राणीच्या बागेत आधी झाडं, मग बाकी सगळं

राणीच्या बागेत जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, काय पाहिलंत? पेंग्विन, वाघ, पाणघोडा. झाडाचं नाव क्वचितच निघतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. भायखळ्याची ही बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली ती झाडांची बाग म्हणून. प्राणी नंतर आले. आज तिथे तीन हजारांहून जास्त झाडं आहेत, अडीचशेहून जास्त जातींची. लालबाग-परळच्या गर्दीला लागून असलेल्या जागेत!

उर्वशीचंच बघा. मूळची म्यानमारची. बहरली की लालचुटूक फुलांचे, पिवळ्या ठिपक्यांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. बिया फारशा धरत नाहीत, म्हणून गुटी कलम करून (फांदीला झाडावरच मुळं फुटवून) वाढवावी लागते. म्हणजे असं एक झाड गेलं तर त्याच्या जागी रोपवाटिकेतून सहज दुसरं आणता येत नाही. गोरखचिंच आफ्रिकेची, तिची फुलं रात्री उमलतात आणि परागीभवन वटवाघळं करतात. कैलासपती दक्षिण अमेरिकेतला, फुलं थेट खोडावर येतात. त्या फुलात आपल्या लोकांना पिंड आणि वर नागाचा फणा दिसला, आणि परदेशातलं झाड महादेवाचं झालं. कृष्णवडाच्या पानाला देठाशी द्रोण असतो. कृष्ण त्यात लोणी लपवायचा, ही गोष्ट मुलांना झाडाखाली उभं करूनच सांगावी.

प्राण्यांना माझा विरोध नाही. पण नूतनीकरणाची कुठलीही आखणी झाडांच्या नकाशावरून सुरू व्हायला हवी, पिंजऱ्यांच्या नाही. यापूर्वी मोठे आराखडे आले तेव्हा सामान्य नागरिक झाडांसाठी उभे राहिले, बागेत फिरून त्यांनी झाडांच्या नोंदी केल्या. त्यांचे आपण सगळे ऋणी आहोत. जुन्या झाडाला नुसती कुऱ्हाडच मारते असं नाही. बुंध्यापर्यंत फरशी घातली, मुळांवर मातीचा भराव टाकला, की ते काही वर्षांत आतून खंगतं. मग एखाद्या पावसाळ्यात कोसळतं आणि आपण वाऱ्याला दोष देतो.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक जुन्या झाडावर मराठीत नाव आणि मूळ देश लिहा. बुंध्याभोवतीची माती मोकळी ठेवा. दुर्मीळ झाडांची कलमं आजच बांधायला घ्या, जुनी झाडं उभी आहेत तोवर. आणि महापालिकेच्या शाळांच्या सहली तिथे जातातच, तर त्यांना झाडं ओळखून दाखवणारा माणूस सोबत द्या.

बुधवारी बाग बंद असते. बाकी कुठल्याही दिवशी जा.