वयाने थोरले, पट्ट्याने धाकटे

कराटेच्या रांगेत वयाला काडीची किंमत नसते. तेथे कमरेच्या पट्ट्याचा रंग पाहून जागा मिळते. सर्वांत वरिष्ठाने उजव्या टोकाला उभे राहायचे आणि बाकीच्यांनी उतरत्या क्रमाने डावीकडे सरकत जायचे, असा नियम आहे. त्या नियमाने लातूरच्या आमच्या वर्गात माझी जागा पाचवीतल्या एका चिरंजीवांच्या डाव्या हाताला येते. उजव्या टोकाला तपकिरी पट्ट्याची, सातवीत शिकणारी एक मुलगी उभी असते. मी एका शासकीय कार्यालयाच्या लेखा शाखेत आहे आणि माझ्या सहीशिवाय तेथे प्रवासभत्त्याचे एकही देयक पुढे सरकत नाही. पण ती मुलगी ‘काका, मागची टाच!’ म्हणाली की मी मुकाट्याने टाच जमिनीला टेकवतो आणि ‘ओस’, म्हणजे कराटेतले ‘होय जी’, म्हणतो. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवून व्यायाम सांगितला आणि घराजवळच्या शाळेच्या मैदानावर हा वर्ग भरत होता, एवढेच माझ्या युद्धकलेचे मूळ आहे.

सेमिनार, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांचे शिबिर, आणि ग्रेडिंग, म्हणजे पट्टा बदलण्याची परीक्षा, यांची तारीख जाहीर झाली, की मात्र ही सगळी उतरंड एका रात्रीत उलटी होते. सभागृह ठरवणे, शुल्क गोळा करणे, प्रमाणपत्रांसाठी नावांची यादी करणे, मुंबईहून रात्रीच्या गाडीने येणाऱ्या परीक्षकांना पहाटे स्टेशनवरून आणणे, ही कामे पट्ट्याप्रमाणे वाटली जात नाहीत, वयाप्रमाणे वाटली जातात. तपकिरी पट्टा तेव्हा शिकवणीला गेलेला असतो. आमचे सर मोठ्या आदराने म्हणतात, ‘काका, तुम्ही अनुभवी आहात.’ वर्षभरात हे विशेषण माझ्या वाट्याला येते ते फक्त या पंधरवड्यात.

सर्वांत आधी पालकांची सभा होते. कराटेत ‘क्यू’ नावाच्या श्रेणी असतात, त्या दहापासून सुरू होऊन एकपर्यंत उतरतात आणि त्यानंतर काळ्या पट्ट्याच्या ‘दान’ श्रेणी एकपासून वर चढतात, हे नव्या पालकांच्या गळी उतरवणे हे माझे काम. ‘दहावी क्यू होती, आता नववी म्हणायलाव, म्हणजे पोरगं खाली आलं की!’ असे एक गृहस्थ तावातावाने म्हणाले. अन्य कोणत्या गावात यावर काय उत्तर देतात मला ठाऊक नाही, पण लातुरात एका वाक्यात काम भागते. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत रँक जेवढी लहान तेवढी चांगली ना, मग तसेच. शिकवणी वर्गांच्या फलकांखाली वाढलेल्या या शहरात हे पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. सभेने एकमुखाने मान डोलावली. पुढचा प्रश्न त्याहून लातुरी होता: या पट्ट्याचे दहावीला वाढीव गुण मिळतात का? ते गुण क्रीडास्पर्धांसाठी असतात, पट्ट्यासाठी नव्हे, हे सांगितल्यावर दोन पालकांनी पादत्राणे शोधायला सुरुवात केली.

खरे तर रंगीत पट्ट्यांची ही शिडी मुळात कराटेची नव्हेच. 1882 साली तोक्योत कोदोकान या ज्युदोशाळेची स्थापना करून ज्युदो उभा करणाऱ्या जिगोरो कानो यांनी श्रेणींची पद्धत रूढ केली, आणि ओकिनावाहून 1922 साली प्रात्यक्षिकासाठी तोक्योला आलेले गिचिन फुनाकोशी तेथेच राहिले व 1924 साली त्यांनी ती उचलून आपल्या शिष्यांना कराटेतले पहिले काळे पट्टे दिले. कानो शिक्षणखात्यात वावरलेले, फुनाकोशी तर आयुष्याचा मोठा भाग शाळामास्तर. दोन शिक्षक एकत्र आले की परीक्षा निघणारच, याबद्दल आपल्याकडच्या माणसाला आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

सभागृहाचे प्रकरण अधिक बिकट होते. शंभरावर मुले अनवाणी उभी राहतील एवढी मोठी आणि पावसाने भिजणार नाही अशी जागा म्हणजे मंगल कार्यालय. आणि मंगल कार्यालय म्हटले की मुहूर्त आला. परीक्षकांच्या तारखा एकीकडे, शाळांच्या चाचण्या दुसरीकडे आणि पंचांग तिसरीकडे, अशा कात्रीत सापडून मी औसा रस्ता ते बार्शी रस्ता अशा फेऱ्या मारल्या. शेवटी एका कार्यालयाच्या व्यवस्थापकाने दोन लग्नांच्या मधली फट आम्हाला दिली. शनिवारी दुपारपर्यंत एक लग्न, तेथून रविवारी चारपर्यंत आम्ही आणि चारनंतर दुसऱ्या लग्नाची हळद. ‘फक्त ते ओरडणं जरा बारीक ठेवा,’ असे त्यांनी बजावले. कराटेत ठरावीक हालचालीवर पोटातून हुंकार द्यावाच लागतो, त्याला ‘किआइ’ म्हणतात आणि तो न दिल्यास गुण कापले जातात, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी भाडे वाढवले.

पोशाखाबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे. मागवलेला तयार ‘गी’, म्हणजे कराटेचा पांढरा सदरा-विजार, मोठ्यांच्या मापात वेळेवर मिळेना, म्हणून मी गंजगोलाईत पांढरे जाड कापड घेतले आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका शिंप्याकडे दिले. माणूस हातचा कसबी. त्याने विजारीला पुढे चुण्या घातल्या, नाडीऐवजी हूक लावला आणि ‘साहेब, पैसे कुठं ठेवणार?’ अशा मायेपोटी आत एक चोरखिसाही शिवला. सदऱ्याची डावी बाजू उजव्या बाजूवर यायला हवी, कारण जपानात उजवी बाजू वर ठेवून फक्त मृताला वस्त्र गुंडाळतात, एवढे सांगितल्यावर मात्र त्याने सगळी उसवण विनातक्रार पुन्हा केली. चोरखिसा राहिला. राहिला प्रश्न धुण्याचा. 2016 साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणून पाजावे लागले, त्या शहरात नळाच्या वारावर गृहिणीचे सगळे वेळापत्रक ठरते. आणि पांढराशुभ्र पोशाख शनिवारच्या सेमिनारला घामाने भिजवून रविवारच्या परीक्षेला पुन्हा पांढराशुभ्र घालायचा, ही जपानी अपेक्षा आमच्या घरी ज्या शब्दांत स्वीकारली गेली ते शब्द येथे देता येत नाहीत.

या सगळ्यात कराटे कोठे होते, असे कोणी विचारील. ते पहाटे होते. मला या परीक्षेत ‘हेइआन निदान’ ही काता करायची होती. काता म्हणजे काल्पनिक शत्रूंशी ठरावीक क्रमाने केलेले एकट्याचे युद्ध, आणि हेइआन निदानमध्ये अशा 26 हालचाली आहेत. ओकिनावातल्या आन्को इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाळकरी मुलांसाठी या पाच काता बसवल्या, तेव्हा आजची दुसरी काता पहिली होती. ती जड जाते असे पाहून फुनाकोशींनी पहिल्या दोहोंचा क्रम बदलला. म्हणजे इतोसू यांच्या मते जी शाळकरी मुलांची पहिली पायरी, ती चढताना माझे गुडघे बोलू लागतात. विशेषतः सातव्या हालचालीत एका पायावर उभे राहून दुसऱ्याने बाजूला लाथ आणि त्याच क्षणी त्याच बाजूला उलट्या मुठीचा फटका द्यायचा असतो. माझी लाथ जाते तेव्हा मूठ विचार करीत असते. मूठ जाते तेव्हा पाय परत आलेला असतो. पाचवीतले चिरंजीव शेजारी उभे राहून हे सगळे सहज करतात, आणि मधूनच नाकही पुसतात.

शाळेचा वृद्ध पहारेकरी रोज पायरीवर बसून हे बघतो. ‘इच, नी, सान, शी’ ही जपानी गणती त्यालाही आता दहापर्यंत पाठ झाली आहे. एकदा सरांना फोन आला आणि गणती मध्येच थांबली, तर त्याने तंबाखू मळता मळता ‘गो, रोकू’ म्हणून आमच्याकडून पुढचे गुद्दे काढून घेतले. कोणी हसले नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सेमिनार परीक्षेच्या आदल्या दिवशी ठेवण्याची ही पद्धत ज्याने काढली, त्याला मनुष्यस्वभावाचे ज्ञान तरी फार खोल असावे किंवा मुळीच नसावे. वर्गाने कित्येक महिने घोटून घोटून जे अंगवळणी पाडलेले असते, ते परीक्षक एका संध्याकाळी मोकळे करून ठेवतात. शनिवारी दुपारी सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, आणि ठेचा यांचा समाचार घेऊन परीक्षक उभे राहिले आणि अत्यंत मृदू आवाजात म्हणाले, ‘तुमची कोकुत्सु-दाची कोणी शिकवली?’ आमच्या सरांनी छताकडे पाहिले. कोकुत्सु-दाची या पवित्र्यात मागच्या पायावर 70 टक्के आणि पुढच्यावर 30 टक्के वजन ठेवायचे असते, हे आम्हाला पाठ होते; पण आमचा मागचा गुडघा आत पडतो, कंबर पुढे वळते, आणि परत ओढलेली मूठ बरगडीला चढते, असे तीन दोष त्यांनी एका दमात काढले. मग दोन तास शंभरावर माणसे एका पायावर शरीराचे 70 टक्के वजन पेलत नवरदेवाच्या मांडवात उभी राहिली. वजनाची टक्केवारी सर्वांना सारखी असली, तरी वजन सारखे नसते, हा मुद्दा लेखा शाखेतील माणसाच्या लक्षात यायला वेळ लागत नाही; पण मांडण्याची सोय नव्हती.

त्या रात्री गावातल्या कितीतरी घरांतून आरशासमोर मुठी खाली-वर होत असाव्यात. तपकिरी पट्ट्याच्या मुलीने रात्री नऊ वाजता आईच्या फोनवरून मला विचारले, ‘काका, सरांची जुनी पद्धत करायची की नवी?’ वर्षभरात प्रथमच तिने मला काही विचारले होते. मी अनुभवी माणसाला शोभेल असे उत्तर दिले, की परीक्षक समोर असतील तेव्हा नवी आणि पाठमोरे असतील तेव्हा जुनी. तिने यावर थोडा वेळ विचार केला आणि फोन ठेवून दिला.

रविवारी व्यासपीठ सजले. लाल मखमलीच्या वधूवरांच्या दोन खुर्च्या तेवढ्या न डुगडुगणाऱ्या होत्या, म्हणून एकीत परीक्षक आणि दुसरीत आमचे सर असे शेजारी शेजारी बसले. मागच्या भिंतीवर आदल्या लग्नाची ‘शुभविवाह’ ही थर्माकोलची अक्षरे होती. आमचा फलक त्यांवर टांगला तर तो आखूड पडून डावीकडे ‘शुभ’ एवढे बाहेर राहिले, आणि ते राहू द्यावे असे सर्वानुमते ठरले. झाडलोट झाली होती. परंतु अक्षता ही वस्तू झाडूला दाद देत नाही. हळदकुंकवात माखलेले ते तांदूळ सतरंजीखाली, खांबाच्या बुडाशी, फरशीच्या सांध्यात दबा धरून बसलेले असतात, आणि अनवाणी टाच नेमकी वळायला लागली की वर येतात. हेइआन निदानमध्ये अकराव्या हालचालीवर मी मनापासून किआइ दिला आणि त्यानंतर डाव्या टाचेत एक अक्षत रुतली, त्यामुळे पुढच्या वळणाला माझ्या तोंडून दुसरा, अभ्यासक्रमात नसलेला किआइ बाहेर पडला. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिले. नंतर कळले की त्यांनी ‘आवेश चांगला’ असा शेरा दिला होता.

जोडीच्या प्रकारात समोर चिरंजीव आले, कारण त्या पट्ट्याचा माझ्या उंचीचा दुसरा कोणी नव्हता. हल्ला करणाऱ्याने लक्ष्य आधी मोठ्याने सांगायचे असते. त्याने ‘जोदान’, म्हणजे चेहरा, अशी गर्जना करून गुद्दा मारला तो माझ्या छातीच्या बराच खाली आला. मी ठरल्याप्रमाणे वर, चेहऱ्यापुढे, हात आडवा धरून उभाच होतो. आम्ही दोघेही आपापल्या जागी शास्त्रशुद्ध होतो. परीक्षकांनी मान खाली घातली आणि त्यांचे खांदे काही काळ हलत राहिले.

पावणेचारला व्यवस्थापक दारात येऊन उभे राहिले. ‘साहेब, हळदीची मंडळी यायलेत, आवरा.’ त्यांच्यामागे खरोखरच पातेली घेऊन माणसे शिरू लागली होती, त्यामुळे निकाल वाचन, नमस्कार आणि पट्टेवाटप हे तिन्ही विधी एकाच वेळी उरकले गेले. मी उत्तीर्ण झालो. हिरव्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यातले मोठ्या मापाचे पट्टे विक्रेत्याकडे संपलेले असल्याने मला आला तो मुलांचा. हा पट्टा कमरेभोवती दोनदा गुंडाळून पुढे अशी गाठ मारतात, की दोन्ही टोके सारखी लोंबावीत. माझी टोके गाठीतच संपत होती. तपकिरी पट्ट्याच्या मुलीने पुढे येऊन अधिकारवाणीने सांगितले, ‘काका, पोट आत घ्या,’ आणि जोर लावून गाठ मारली तेव्हा दोन बोटे हिरवे कापड दोन्हीकडे दिसू लागले. सगळे फोटोसाठी उभे राहिले. छायाचित्रकाराने सर्वांना एकसाथ ‘ओस’ म्हणायला सांगितले, आणि ते पोट आत ठेवून म्हणता येत नाही. पहिल्याच प्रयत्नात पट्टा सुटून पायाशी पडला. हळदीच्या मंडळींतल्या एका आजीबाईंनी तो उचलून माझ्या हातात दिला आणि नवरदेव हेच का, असे शेजारणीला विचारले.