धर्माचं काम चाललंय, मध्ये बोलू नका

संध्याकाळपासून डोकं ठणकतंय. नवरा म्हणतोय लिहू नकोस, याच सोसायटीत राहायचंय आपल्याला. म्हणूनच लिहितेय.

आमच्या क्लबहाउसमध्ये शनिवारी मुलांचा संस्कारवर्ग असतो. मी वरच्या मजल्यावरच्या काकूंचा डबा परत द्यायला निघाले होते. दार उघडं होतं, आत अथर्वशीर्ष चाललेलं. छान म्हणतात पोरं, खोटं कशाला बोलू. पहिल्या रांगेत पाच-सहा वर्षांचा एक मुलगा शेजारच्याला गुदगुल्या करत होता. शिकवणाऱ्या बाई उठल्या. तोंडाने ‘त्वमेव केवलं कर्तासि’ चालूच, आणि हाताने त्याचा कान असा पिळला की तो चवड्यांवर उभा राहिला. रडला नाही. आईकडे बघितलं त्याने. आई मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. ती हसली आणि म्हणाली, “परत करशील?”

मी दारातूनच म्हटलं, “अहो, लहान आहे तो.” त्यावर बाई काय म्हणाल्या? “ताई, धर्माचं काम चाललंय, मध्ये बोलू नका.”

म्हणजे हाच कान शाळेत एखाद्या शिक्षिकेने पिळला असता, तर हीच आई सकाळी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये उभी असती. पालकांच्या ग्रुपवर फोटो फिरले असते. इथे समई लावलेली होती, म्हणून कान पिळणं हा संस्कार झाला!

घरी येऊन आमच्या शाळेच्या ग्रुपवर हे लिहिलं. वाटलं, आपली माणसं आहेत, चिडतील. पाच मिनिटांत ‘छडी लागे छमछम’ आलं. मग ‘आपण मार खाल्ला म्हणून घडलो’. मग एकाने ते सुप्रसिद्ध संस्कृत आणलं, ‘लालयेत् पञ्चवर्षाणि दशवर्षाणि ताडयेत्’. पाच वर्षं लाड करा, पुढची दहा बडवा. या सगळ्याखाली हात जोडलेल्यांची रांग. त्या रांगेत अरुण होता.

अरुण हे त्याचं खरं नाव नाही. पण ग्रुपवरच्या सगळ्यांना कळेल मी कोणाबद्दल बोलतेय, आणि कळावंच.

आम्ही सातवीत होतो. गीताजयंतीला तालुक्याची पाठांतर स्पर्धा असायची आणि आमच्या शाळेकडे बारावा अध्याय होता. गुरुजी सोवळ्यातले वगैरे नव्हते, पण गीता शिकवताना चपला वर्गाबाहेर काढून यायचे. आवाज असा की शेजारचा वर्ग गप्प व्हायचा. अरुण तोतरा होता. सगळ्यांबरोबर म्हणताना एक अक्षर अडायचं नाही, एकट्याला उभं केलं की गाडी रुतायची. आज मला माहीत आहे की तोतरेपणात हे असंच होतं. समूहात म्हणताना माणूस मोकळा होतो, एकटा पडला की अडतो. गुरुजींना ते माहीत नव्हतं. त्यांचं म्हणणं, सगळ्यांबरोबर येतं आणि एकट्याला येत नाही, म्हणजे नाटक करतोय.

तो अडायचा तेराव्या श्लोकावर. ‘अद्वेष्टा सर्वभूतानां मैत्रः करुण एव च.’ पहिलाच ‘अ’. अ... अ... अ... आणि निरगुडीचा फोक. परत म्हण. अ... अ... आणि फोक. आदल्या दिवशी गुरुजींनीच फळ्यावर अर्थ लिहून दिला होता, की जो कोणाही प्राण्याचा द्वेष करत नाही, सगळ्यांशी मैत्रीने आणि करुणेने वागतो, तो भक्त मला प्रिय. तो अर्थ पुसलेला नव्हता. त्या अक्षरांखाली उभा राहून अरुण हात पुढे करत होता.

आम्ही सगळे बघत होतो. कोणी हसलं नाही, एवढंच आमच्या बाजूने सांगता येईल.

आता ज्यांना ‘शास्त्रातच सांगितलंय’ म्हणायची हौस आहे त्यांच्यासाठी. हो, सांगितलंय. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे की बायको, मुलगा, नोकर, शिष्य चुकले तर दोरीने किंवा वेळूच्या काठीने मारावं, पाठीवर मारावं, डोक्यावर मारू नये. बायको त्या यादीत पहिली आहे, बरं का मैत्रिणींनो. तुमच्या पाठीचं शास्त्र तुम्ही केव्हाच नाकारलंत, पोरांच्या पाठीचं मात्र जपून ठेवलंय. त्याच मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात असंही आहे की शिकवायचं ते अहिंसेनेच आणि गोड, मऊ वाणीने शिकवावं. ते कोणी फॉरवर्ड करत नाही. फोक हातात असला की आठवा अध्याय आठवतो.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. बायबलच्या नीतिसूत्रांत आहे की जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांत, आहे की सातव्या वर्षी मुलाला नमाज पढायला सांगा आणि दहाव्या वर्षी नाही पढला तर मारा. हदीसमध्येच दुसरीकडे पैगंबरांचे सेवक अनस सांगतात की दहा वर्षं पैगंबरांची सेवा केली, पण त्यांनी मला कधी ‘उफ्’सुद्धा म्हटलं नाही. सगळ्यांच्या घरी दोन्ही वचनं आहेत. मग नेमकं मारायचंच कसं सापडतं? कारण हात आधी उठलेला असतो आणि वचन नंतर शोधलं जातं.

ग्रुपवर लगेच एकाने विचारलं, “मदरशांबद्दल लिही की मग.” लिहिते, थांब. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, अमलात आला 2010 मध्ये. त्याच्या कलम 17 मध्ये स्वच्छ लिहिलंय, मुलाला शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळही नाही. मग 2012 मध्ये दुरुस्ती झाली. हा कायदा मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना लागू नाही. मदरसा आणि पाठशाळा, एकाच ओळीत, शेजारी शेजारी. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे या ओळीत गुण्यागोविंदाने नांदतायत. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळाही या कायद्याबाहेर काढल्या. म्हणजे ज्या दारावर देवाची पाटी, तिथे कलम 17 बाहेर चपला काढून उभं.

हो हो, वकील मित्र येतील, माहितेय. अभ्यासक्रम आणि प्रवेशाच्या कटकटी नकोत म्हणून ती सूट होती, मारायला नव्हती. मुलांशी क्रूरपणे वागणाऱ्याला शिक्षा देणारं बाल न्याय कायद्याचं कलम 75 आहे, मारहाणीची फौजदारी कलमं आहेत, ती सगळीकडे लागू. मान्य. पण बाबांनो, दहा वर्षांचं पोर घरापासून लांब, गुरूच्या ताब्यात, तिथेच जेवतं, तिथेच झोपतं, ते कोणत्या पोलीस ठाण्यात जाऊन कलम 75 म्हणणार आहे? आणि कलम 17 मोडलं तरी त्या कलमाने काय होतं, तर सेवानियमांनुसार कारवाई. पाठशाळेत कसले सेवानियम आणि मदरशात कसले? गोव्याने 2003 च्या बालकायद्यातच शाळेतला मार बंद केला होता. देशाला त्यानंतर सहा वर्षं लागली, आणि मग तीन वर्षांत आपणच दार किलकिलं केलं.

शिक्षकांची बाजूही सांगतात लोक. साठ-सत्तर पोरांचा वर्ग, वरून निवडणुकीची कामं, जनगणना, खिचडीचे हिशोब, माणूस किती सोसणार. खरं आहे. त्यांच्यावर अन्याय होतो. तो पोरांच्या तळहातावर उतरवायचा का, एवढंच सांगा.

धर्म आणि मार एकत्र आले की काय होतं हे 2023 च्या ऑगस्टमध्ये सगळ्या देशाने पाहिलं. मुझफ्फरनगरकडच्या एका गावात बाईंनी पाढे येत नाहीत म्हणून सात वर्षांच्या मुसलमान मुलाला उभं केलं आणि वर्गातल्या मुलांना एकेक करून त्याच्या थोबाडीत मारायला लावलं. वर धर्मावरून बोलल्या. महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारची चांगलीच कानउघाडणी केली. मला त्या व्हिडिओत मार खाणाऱ्यापेक्षा मारणारी पोरं जास्त आठवतात. हळू मारणाऱ्याला ‘जोरात मार’ म्हणतात त्या बाई. आमच्या सातवीच्या वर्गातून निदान कोणाला उठवलं नव्हतं. पण गुरुजींनी फोक माझ्या हातात दिला असता तर मी काय केलं असतं? बारा वर्षांची होते, गुरुजी म्हणजे देव. जाऊ दे.

अरुणचे वडील एकदा शाळेत आले होते. आम्हाला वाटलं आता गुरुजींची काही धडगत नाही, कारण पोराच्या बोटांच्या पेरांवर वळ होते. वडील हात जोडून म्हणाले, “गुरुजी, डोळे तेवढे सोडा, बाकी कुठंही मारा, पण शिकवा.” गुरुजींचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मी पाहिलं. दोघांनाही वाटत होतं की आपण त्या पोराचं भलं करतोय. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण दुष्ट माणूस असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

आणि त्या दोघांच्या मध्ये अरुण उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.

हे विचारणं इतकं अवघड का असतं कोण जाणे. मोठमोठ्या न्यायालयांतही तेच झालं. दक्षिण आफ्रिकेत 1996 च्या कायद्याने शाळेतला मार बंद झाला, तर ख्रिस्ती शाळांची एक संघटना कोर्टात गेली. छडी हा आमच्या श्रद्धेचा भाग आहे, आईवडिलांची परवानगी आहे, मारू द्या. 2000 मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने नाही म्हणून सांगितलं. निकाल लिहिला अल्बी सॅक्स यांनी. वर्णभेदी राजवटीने गाडीत ठेवलेल्या बॉम्बने त्यांचा एक हात आणि एका डोळ्याची दृष्टी नेली होती. हिंसा म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. ब्रिटनमध्ये चार खाजगी ख्रिस्ती शाळांचे शिक्षक आणि पालक असाच दावा घेऊन हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, 2005 मध्ये तेही हरले. दोन्हीकडे न्यायाधीशांनी एक खंत नोंदवली. संघटना बोलली, पालक बोलले, सरकार बोललं, पण ज्यांच्या अंगावर छडी पडणार त्या मुलांच्या वतीने बोलायला कोर्टात कोणीच नव्हतं. ब्रिटनमध्ये हे लिहिणाऱ्या न्यायाधीश बाई होत्या, बॅरोनेस हेल. वाचलं तेव्हा मला गुरुजी, अरुणचे वडील आणि मध्ये उभा अरुण दिसला.

तर हा अरुण आज ग्रुपवर हात जोडतोय. ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ खाली. आता यावर मी काय बोलू? त्याचं आयुष्य आहे, चांगलं चाललंय, स्वतःचं दुकान आहे, दोन मुली शिकल्या. तो म्हणतो घडलो, तर मी कोण नाही म्हणणारी? तुम्ही मला हेच ऐकवणार, मला माहीत आहे.

पण मग शाळेच्या स्नेहमेळाव्याचंही सांगते. सगळ्यांनी उभं राहून नाव आणि काय करतो ते सांगायचं होतं. माईक फिरत फिरत अरुणकडे आला. त्याने हसत हसत तो पुढच्याच्या हातात दिला. पुढच्याने त्याची ओळख करून दिली, आम्ही टाळ्या वाजवल्या, कोणाला काही वाटलंही नाही. जेवताना तो माझ्या शेजारी होता. तिथे छान बोलला, थोडं अडत, पण छान. म्हणाला, घरी आईसमोर तो अध्याय मी सगळा म्हणायचो गं, एकदाही अडायचो नाही. आणि वर म्हणाला, गुरुजी मात्र फार मोठा माणूस.

होते. तेही खरं आहे. माझे उच्चार आज शुद्ध आहेत ते त्यांच्यामुळे. ‘करुण एव च’ म्हणताना त्यांचा आवाज कसा खाली यायचा ते अजून कानात आहे. ते गेले तेव्हा मी रडले होते. असा माणूस फोकाशिवाय शिकवू शकला असता, नक्की शकला असता, त्याला कोणी कधी तसं सांगितलंच नाही. आणि हे सांगणारी माणसं याच महाराष्ट्रात होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवत होत्या. ज्या पोरांनी कधी पाटी पाहिली नव्हती ती शिकली की नाही? कोणाचा कान पिळून नाही शिकली.

मी संस्कारवर्गाच्या विरोधात नाही, हे आत्ताच सांगते, नाहीतर उद्या लिफ्टमध्ये कुजबुज व्हायची. माझ्या घरी रोज संध्याकाळी दिवा लागतो. पाठशाळा बंद करा असंही म्हणत नाहीये. वेद टिकवायचे तर टिकवा, कुराण शिकवायचं तर शिकवा, सूट अभ्यासक्रमाला खुशाल ठेवा. पण कलम 17 प्रत्येक दाराच्या आत गेलं पाहिजे, मग दारावर ओम असो, चंद्रकोर असो नाहीतर क्रूस. एवढं म्हटलं म्हणून कोणाचा धर्म बुडत असेल तर तो फारच उथळ पाण्यात उभा होता.

आता कमेंटमध्ये ‘ते करतात ते चालतं का’ सुरू होईल. कृपा करून नको. आधी तुमच्या घरात जे पोर पाठांतराच्या, दीनीयातच्या, संडे स्कूलच्या किंवा कसल्याही वर्गाला जातं, त्याला बाजूला घेऊन विचारा की तिथे चुकलं तर काय होतं. ते जे सांगेल तेवढंच खाली लिहा, आपलं काही घालू नका.