पट्टी जड, खिसा हलका

पोरगी पियानोच्या क्लासला जायला लागली की घरात पहिला ठराव पास होतो तो "पेटी आहे की घरात!" हा. बेळगावात हा ठराव हाणून पाडणं सोपं नाही. पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी ज्या गावाला पेटीचं वेड लावलं, तिथं निम्म्या माळ्यांवर एखादी पेटी धूळ खात असतेच. तिच्यावर हात ठेवून आजोबा विचारतात, "काळ्या-पांढऱ्या पट्ट्या हिला पण आहेत, तिला पण आहेत. फरक काय गा?"

फरक आहे. पेटीची पट्टी अलगद दाबा नाहीतर तिच्यावर बुक्की मारा, आवाज तेवढाच. लहान-मोठा करायचं काम भात्याचं. पियानोला भाता नाही. दोन्ही हात पट्ट्यांवर, आणि बोट किती वेगानं खाली गेलं त्यावर आवाज ठरतो. आपण घरी आणणार तो विजेवरचा, म्हणजे डिजिटल पियानो. त्यात प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन किंवा तीन काँटॅक्ट असतात, एकामागून एक टेकणारे. पहिला टेकल्यापासून पुढचा टेकेपर्यंत किती वेळ गेला ते यंत्र मोजतं आणि त्यावरून स्वर हळुवार काढायचा की दणदणीत, हे ठरवतं. बोटाचा जोर ते मोजतच नाही. म्हणून दात-ओठ खाऊन वाजवणाऱ्या पोराचा पियानो जास्त वाजत नाही, फक्त टेबल जास्त हलतं.

आजोबांना हे पटलं न पटलं तोवर मामा येतो. मामाला आवाज हवेत. 61 पट्ट्यांचा कीबोर्ड, पाच-सहाशे आवाज, वर ताल, लुकलुकणारे दिवे आणि किंमत दहा हजारांच्या आसपास. दुकानात मामा डेमोचं बटण दाबतो आणि सगळं घर विरघळतं. डेमोइतकं फसवं बटण दुसरं नाही, कारण जे वाजतं ते घरातलं कोणीही पुढची दहा वर्षं वाजवणार नसतं. घरी आल्यावर पोरीला त्या सहाशे आवाजांत हेलिकॉप्टर सापडतं, आणि मग परीक्षा जवळ येईपर्यंत बैठकीच्या खोलीत हेलिकॉप्टर उतरत राहतं.

मामावर अन्याय नको. पहिल्या वर्षाची बहुतेक पुस्तकं 61 पट्ट्यांत मावतात. अडचण पट्ट्यांच्या संख्येची नाही, पट्टीच्या वजनाची आहे. कीबोर्डच्या पट्टीखाली स्प्रिंग असते, पियानोच्या पट्टीमागे हातोडी. स्प्रिंगवर वाढलेलं बोट क्लासातल्या खऱ्या पियानोवर गेलं की हळू वाजवताना स्वर गाळतं, जलद वाजवताना थकतं. शिवाय ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत-परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत. कुठल्या विषयाला पोर बसणार, हे सरांना आधी विचारावं. मामाला नंतर.

तर पट्ट्या 88, म्हणजे 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या, आणि जाहिरातीत 'हॅमर' हा शब्द हवाच. 'सेमी-वेटेड', 'टच सेन्सिटिव्ह', 'पियानो स्टाइल' या शब्दांना मी लग्नपत्रिकेतल्या 'आहेर आणू नये' इतकीच किंमत देतो. टच सेन्सिटिव्ह म्हणजे वेग मोजला जातो, बस. पट्टी पिसासारखी हलकी असली तरी तो शब्द खराच असतो. दुकानातल्या पोराला "वेटेड आहे काय?", म्हणजे पट्ट्या वजनदार आहेत काय, म्हणून विचारलं, तर तो अख्खं यंत्र दोन्ही हातांनी उचलून दाखवतो आणि म्हणतो, "हेवी ऐत्री सर, हेवी!"

त्याला ते खाली ठेवायला सांगावं आणि आवाजाचं बटण शून्यावर आणावं. दुकानदार बुचकळ्यात पडेल, पडू दे. आवाज बंद असताना पट्ट्यांचा खटखटाट ऐकू येतो, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना रोज संध्याकाळी नेमका तोच ऐकू जाणार असतो. हेडफोन लावून 'कोणाला त्रास नाही' म्हणणाऱ्यांनी हे मुद्दाम ऐकावं. स्टँडच्या पायांखाली दुमडलेली घोंगडी टाकली की ठोके बरेच मरतात.

मग आवाज पुन्हा अर्ध्यावर आणावा आणि एक पट्टी अगदी सावकाश तळापर्यंत दाबावी. चांगल्या हॅमरच्या यंत्रात काहीच वाजत नाही, खऱ्या पियानोतही वाजत नाही. हातोडीला वेगच मिळाला नाही तर ती तारेपर्यंत पोचणार कशी? त्यानंतर अगदी डावीकडची आणि अगदी उजवीकडची पट्टी दाबून पाहावी. डावी जड, उजवी हलकी लागली पाहिजे. मग दोन काळ्या पट्ट्यांमधली पांढरी, आत, जवळजवळ मुळाशी दाबावी. इथं आखूड अंगाची यंत्रं उघडी पडतात. पट्टीचा टेकू बोटाजवळ आल्यानं तीच पट्टी एकदम घट्ट लागते आणि लहान बोटं तिथं अडकतात. पुढच्या टोकाला बोटानं दाबून छान-छान म्हणणारे याच जागी फसतात. शेवटी पांढरी पट्टी चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून बघावी. किंचित हलेल, पण शेजारणीला टेकत असेल तर दुसरा नग काढायला सांगावं.

पॉलिफनी म्हणजे एका वेळी किती स्वर जिवंत राहतात तो आकडा. स्वर लांबवणारं पायातलं पेडल दाबून धरलं आणि डावीकडून उजवीकडे हात फिरवत गेलं की कमी आकड्याच्या यंत्रात सुरुवातीचे खर्जातले स्वर गुपचूप मरतात. 64 असले तरी पहिली काही वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येईल एवढं पोर वाजवायला लागलं, तर पेढे वाटावेत.

नावं घ्यायचीच तर हलवता येण्याजोग्यांत यामाहाचा पी-145 (2023 मध्ये पी-45 च्या जागी आला) साधारण 11 किलोचा आणि पॉलिफनी 64. कॅसिओचा सीडीपी-एस110 साडेदहा किलोचा, तोही 64 चा. तो पेन्सिल सेलवरही चालतो, सहा सेल लागतात. रोलंडचा एफपी-10 सव्वाबारा किलोचा, 96 चा. कावाईचा ईएस120 त्याच वजनाच्या आसपास, पण 192 चा. माझं मत विचाराल तर पट्टीसाठी रोलंड, ने-आणीसाठी कॅसिओ. या चौघांत कोणताही घेतला तरी पोर बिघडत नाही. खिसा मात्र साधारण चाळीस हजारांपासून पुढे उघडावा लागतो, आणि त्यात स्टँड, स्टूल धरलेलं नसतं.

आता हे आणायचं कुठून? इथं मनासारखा नग मिळाला नाही तर हुबळी नाहीतर कोल्हापूर, दोन्ही शंभर किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूर की हुबळी हा वाद आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेला आहे, पण पियानोपुरता तो सोडवता येतो. पट्टी बिघडली तर माणूस कुठून येणार आणि किती दिवसांत, हे दोन्हीकडे विचारावं. "काय होत नाही हो" असं उत्तर देणाऱ्याच्या दुकानातून नुसता चहा पिऊन निघावं.

लांबी साधारण 130 सेंटिमीटर, म्हणजे सव्वाचार फूट, खोका त्याहून वीतभर मोठा. रिक्षात तो आडवा बसत नाही. तिरका घातला तर एक टोक ड्रायव्हरच्या कानाशी आणि दुसरं गणपत गल्लीतल्या गर्दीत. स्कूटरवर मागं बसून उभा धरण्याचा विचार कोणी बोलून दाखवलाच, तर त्याला घरीच ठेवावं. मोटारीची मागची सीट पाडून आतलं माप टेपनं घेऊन जावं. आणि खोका फेकू नये, आतल्या थर्माकोलसकट निदान वॉरंटी संपेपर्यंत जपावा. माळ्यावर पेटीशेजारी जागा होते.

बसण्याचं गणित मात्र कोणी करत नाही. पियानो डायनिंग टेबलावर ठेवला की पट्ट्या पोरीच्या छातीला येतात, खांदे कानाला टेकतात आणि आठवड्यात मान दुखायला लागते. पट्ट्यांचा वरचा भाग जमिनीपासून 72 ते 74 सेंटिमीटरवर यावा. बसल्यावर कोपर त्याच उंचीला हवं, म्हणून स्टूल पोरीच्या मापानं वर-खाली होणारं घ्यावं. मग पाय लोंबकळतात. त्यांच्याखाली जेवणाचा पाट सरकवावा, फार तर दोन. फुलीच्या आकाराचा घडीचा स्टँड स्वस्त मिळतो, पण पोरगी वाढली की गुडघे त्याच्या नळ्यांवर आपटतात. चौकटीचा घ्यावा. सोबत येणारं पेडल म्हणजे नुसतं एक चौकोनी बटण असतं. गुळगुळीत फरशीवर ते वाजवता-वाजवता पुढं पळतं आणि पाय त्याचा पाठलाग करतो. खाली रबरी पायपुसणं घालावं. पेडल उलटं वागायला लागलं, म्हणजे दाबल्यावर स्वर तुटतो आणि सोडल्यावर लांबतो, तर दुरुस्तीवाल्याला फोन लावू नये. चालू करताना कोणाचा तरी पाय त्यावर होता, एवढंच. बंद करावं, पाय काढावा, पुन्हा चालू करावं.

बटणं कमी असणं हा या यंत्रांचा मोठा गुण, पण ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवण्याची सोय, तिथंही आहे. पेटीवाल्या घरात ते हमखास दाबलं जातं, कारण आजोबांना भजन काळी दोनमध्ये, म्हणजे दुसरी काळी पट्टी सा धरून, हवं असतं. भजन होतं, प्रसाद होतो, सेटिंग तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी पोरगी सा दाबते आणि कोमल ग ऐकते. तिच्या कानावर शंका घेण्याआधी यंत्र मूळपदावर आणावं. यामाहाच्या पी-45, पी-125 मध्ये सगळ्यात उजवी पट्टी दाबून धरून चालू केलं की सगळं होतं तसं होतं. सगळ्यात डावी धरून चालू केलं की अर्ध्या तासानं आपोआप बंद पडण्याची सवय जाते. ही सवय सर समजावून सांगत असतानाच जागी होते, आणि पोरं तेवढ्यात दप्तर भरतात.

हेस्कॉमची वीज गेली तर इन्व्हर्टरला हा भार काहीच नाही. पी-45 सारखं यंत्र सहा-सात वॅटवर चालतं, ट्यूबलाइटपेक्षाही कमी. ॲडॅप्टर हरवला तर खडेबाजारात "बारा व्होल्टचा द्या" म्हणून मिळेल तो घेऊ नये. व्होल्ट तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनच्या आत धन की ऋण हे छापलेलं चिन्ह तेच. शेवटचं चुकलं तर यंत्राच्या पोटात जे जळतं त्याची किंमत नव्या ॲडॅप्टरच्या कितीतरी पट असते.

राहता राहिला आपला पाऊस. जून ते सप्टेंबर खानापूरकडून येणारी ओल भिंतीत शिरते, म्हणून पियानो बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये. झाकायला प्लास्टिक नको, ओल आत कोंडते. आजीचं जुनं सुती लुगडं उत्तम, हवा खेळते आणि धूळ अडते. धूळ त्या रबरी काँटॅक्टवर बसली की एखादी पट्टी मुकी होते किंवा मध्येच किंचाळते. आणि धुळीपेक्षा घातक दिवस वर्षातून एकदा येतो, खंडेनवमीचा. कोयता, शिलाई मशीन, स्कूटर यांच्या रांगेत पियानोही बसतो आणि मधल्या सा वर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू पडतं. ते फटीतून सरळ खाली जातं. हळद-कुंकू यंत्राच्या मागच्या बाजूला बोटानं टेकवावं, पट्ट्यांवर लुगडं असू द्यावं, फूल वर ठेवावं आणि नारळ फोडायला अंगणात जावं.